‘आयसर लागलं तर फिजिक्स, नाहीतर कॉम्प्युटर’

वाचकाचं पत्र, थोडक्यात:

मी नागपुरात वीज कंपनीत नोकरीला आहे. मुलगी बारावीला, स्टेट बोर्ड; जीवशास्त्र नाही, बायफोकलला कॉम्प्युटर सायन्स. दहावीला 94 टक्के होते म्हणून जेईईचा क्लास लावला. जानेवारीच्या जेईई मेनमध्ये 86 पर्सेंटाइल आले. निकाल लागला त्याच संध्याकाळी ती म्हणाली, मला इंजिनिअरिंग करायचंच नाही, फिजिक्स करायचं आहे. घरात बरीच वादावादी झाली. शेवटी मी अट घातली: पुण्याचं आयसर (विज्ञान शिक्षण आणि संशोधनाची केंद्रीय संस्था) लागलं तर फिजिक्स, नाही लागलं तर सीईटीतून मिळेल तिथे कॉम्प्युटर. मुलींची फी आता माफ होते, त्यामुळे खर्चाचाही प्रश्न नाही. तिने अट मान्य केली, पण तेव्हापासून घरात कामापुरतंच बोलते. माझे मेहुणे पुण्यात आयटीत आहेत. ते म्हणतात, आधी बीटेक होऊ दे, फिजिक्स छंद म्हणून करता येतं. मला स्वतःला फिजिक्समधलं काही कळत नाही. माझी अट चुकली का? नागपुरातल्या बीएस्सीला काही अर्थ आहे का? आणि एवढं शिकून ती पुढे करणार काय?
— एक बाबा, दक्षिण नागपूर

नमस्कार.

अटीपासूनच सुरुवात करते, कारण बाकीचे दोन्ही प्रश्न तिच्याच पोटात आहेत. तुम्ही ती चांगल्या मनाने घातलीत यात शंका नाही. एकीकडे पोरीची ओढ, दुसरीकडे तिच्या पोटापाण्याची काळजी. मधे कुठेतरी रेघ मारायला हवी म्हणून तुम्ही आयसरची रेघ मारलीत. नावाजलेली सरकारी संस्था आहे, प्रवेश परीक्षा आहे. तिथे लागली तर पोरीत दम आहे, नाही लागली तर नाही, असा तुमचा हिशेब.

पण ती परीक्षा नेमकी काय मोजते ते बघा. आयसरची प्रवेश परीक्षा, आयएटी, तीन तासांची. 60 प्रश्न, 240 गुण. त्यात भौतिकशास्त्राचे 15, रसायनाचे 15, गणिताचे 15 आणि जीवशास्त्राचे 15. बरोबर उत्तराला चार गुण, चुकलं तर एक वजा. तुमच्या मुलीने अकरावीलाच जीवशास्त्र सोडलं. म्हणजे तिला फिजिक्स शिकायला मिळेल की नाही, याचा पाव हिस्सा तिने दोन वर्षांत उघडूनही न पाहिलेल्या विषयावर ठरणार, आणि खुद्द फिजिक्सच्या वाट्यालाही पावच हिस्सा. यात आयसरचं काही चुकत नाही. त्यांना सगळ्या विज्ञानांची मुलं एकाच चाळणीतून घ्यायची असतात आणि सुरुवातीला ते सगळ्यांना सगळंच शिकवतात. चुकतंय ते आपल्या घरात. एका संस्थेची प्रवेशाची चाळणी आपण मुलीच्या लायकीचं माप म्हणून वापरतो आहोत.

त्यात तुम्ही नुसतं आयसर नाही, ‘पुण्याचं आयसर’ म्हणता. देशात आयसर सात आहेत: पुणे, कोलकाता, मोहाली, भोपाळ, तिरुवनंतपुरम, तिरुपती आणि बरहामपूर. परीक्षा एकच, पदवी तीच, पाच वर्षांची बीएस-एमएस. सगळ्या मिळून जागा दोन हजारांच्या आसपास, बसणारी मुलं देशभरातून कितीतरी पट. महाराष्ट्रातल्या मुलांना पुण्यात वेगळा कोटा नाही. मेहुणे तिथे आहेत म्हणून पुणं जवळचं वाटत असेल तर समजू शकते; पण नकाशात भोपाळ आपल्याला पुण्यापेक्षा निम्म्याच अंतरावर आहे, सकाळी निघून जेवायला पोचता येतं. अट तशीच ठेवायची असली तरी निदान तिच्यातून ‘पुण्याचं’ हा शब्द आजच काढा.

आता एक कडू गोष्ट. 86 पर्सेंटाइल बघता आयसरचा प्रवेश अवघड आहे. अशक्य म्हणणार नाही, कारण जेईई मेन आणि आयएटीचा बाज वेगळा आहे. जेईईच्या घाईत गडबडणारी काही मुलं आयएटीच्या शांतपणे विचार करायला लावणाऱ्या प्रश्नांत बरी चालतात. पण अट घालताना ‘बघू या, लागलं तर लागलं’ असं तुमच्या मनात असेल, तर मुलीला तो आकडा तुमच्यापेक्षा जास्त कळतो हे लक्षात घ्या. अट मान्य करतानाच तिला तिचा बहुधा काय निकाल लागणार ते दिसलं असेल. ती कामापुरतंच बोलते, ते मला यामुळेच वाटतं.

आयसरखेरीज दुसरी एक परीक्षा आहे, तिचं नाव तुमच्या पत्रात नाही. नेस्ट. तिच्यातून भुवनेश्वरच्या नायसर या विज्ञान संस्थेला आणि मुंबई विद्यापीठाच्या कलिना परिसरातल्या सीईबीएस या केंद्राला प्रवेश मिळतो. दोन्हींच्या मागे अणुऊर्जा विभाग आहे, दोन्हीकडे पाच वर्षांची इंटिग्रेटेड एमएस्सी. नेस्टमध्ये चार विषयांपैकी ज्या तीन विषयांत जास्त गुण मिळतील ते धरतात, म्हणजे तुमच्या मुलीला जीवशास्त्र सरळ बाजूला ठेवता येतं. जागा मात्र फारच थोड्या: नायसरला दोनशेच्या आसपास, सीईबीएसला साठही नाहीत. तरी तिच्यासारख्या, गणित घेऊन जीवशास्त्र सोडलेल्या मुलीने आयएटीचा अर्ज भरावा आणि नेस्टचा भरू नये, हे मला पटणार नाही. याशिवाय सीयूईटी या केंद्रीय विद्यापीठांच्या सामाईक परीक्षेतून हैदराबाद आणि बनारसच्या केंद्रीय विद्यापीठांचा विचार करता येईल. त्यापुढे मात्र थांबा. एक ना धड भाराभर चिंध्या असं व्हायला नको. दर आठवड्याला एक परीक्षा देत मे महिन्याच्या उन्हात फिरणाऱ्या पोरांचा जून उजाडेपर्यंत दम निघालेला असतो. आणि ज्या खासगी विद्यापीठाच्या जाहिरातीत ‘स्पेस’ हा शब्द मोठा आणि प्राध्यापकांची नावं बारीक असतात, तिकडे जाऊच नका.

आता तुमच्या अटीतला सगळ्यात मोठा गैरसमज. तुम्ही, तुमचे मेहुणे आणि कदाचित मुलगीही असं धरून चालला आहात की चांगल्या संस्थेत फिजिक्स शिकायची संधी बारावीनंतर एकदाच येते. इंजिनिअरिंगच्या घरांत हे ठीक आहे, तिथे बारावीलाच बरंचसं ठरतं. फिजिक्सला दोन दारं आहेत. दुसरं दार बीएस्सीनंतर उघडतं आणि त्याचं नाव जॅम. दर फेब्रुवारीत होणारी परीक्षा, तीन तास, 60 प्रश्न, 100 गुण, आणि पेपर सगळा फिजिक्स आणि त्याला लागणाऱ्या गणिताचा. त्यातून आयआयटीची एमएस्सी मिळते, बंगळुरूच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्सची इंटिग्रेटेड पीएचडी मिळते आणि एनआयटींमध्येही जागा असतात. आपल्या व्हीएनआयटीची एमएस्सीही त्यातच. जीवशास्त्र नाही, बारावीचे टक्के नाहीत. तीन वर्षं मन लावून फिजिक्स केलेल्या मुलीची परीक्षा फिजिक्सवरच होते. माझ्या मते तुमच्या मुलीसारखीसाठी हे दार पहिल्यापेक्षा जास्त न्यायाचं आहे. आयसर हुकलं म्हणजे फिजिक्स हुकलं, हा हिशेब इथेच मोडतो.

म्हणून नागपुरातल्या बीएस्सीला अर्थ आहे का, या प्रश्नाचं उत्तर: आहे, पण आपोआप नाही. आपल्या शहराला विज्ञानशिक्षण नवं नाही. हिस्लॉप 1883 पासून आहे, सायन्स इन्स्टिट्यूट 1906 पासून, विद्यापीठ 1923 पासून. पण जुनी इमारत आणि भिंतीवरची नावं बघून कॉलेज निवडू नका. आणि सगळ्यांत वरची कट-ऑफ बघूनही नाही. कट-ऑफ वर जाते ती बरेचदा बसस्टॉप जवळ आहे म्हणून.

प्रयोगशाळेत जा. मुलीला घेऊन जा आणि तिथल्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाच्या मुलांशी तिला एकटीला बोलू द्या. न्यूटन रिंग्जचा प्रयोग कसा होतो ते तिने विचारावं. सोडियमच्या दिव्याचा पिवळा उजेड, मायक्रोस्कोपखाली एकात एक काळी-पिवळी वर्तुळं, आणि स्क्रू फिरवत फिरवत एकेका वर्तुळाचा व्यास मोजायचा. डोळे दुखतात, बाराव्या की तेराव्या वर्तुळावर आहोत ते विसरतं, पुन्हा पहिल्यापासून सुरू करावं लागतं. कंटाळलेली मुलं काय करतात? त्या पिवळ्या उजेडाची तरंगलांबी 5893 अँगस्ट्रॉमच्या आसपास यायला हवी हे सगळ्यांना पाठ असतं. मग उत्तरावरून उलटं गणित करून रीडिंग जर्नलात भरायची. हे देशभर चालतं, मोठमोठ्या ठिकाणीही. फरक पडतो तो पुढे: एखाद्या विभागात मॅडम ते जर्नल बघून म्हणतात, आलेखात इतकी सरळ रेघ येतच नाही, चला टेबलावर, माझ्यासमोर एक रीडिंग घे. दुसरीकडे सही होते आणि जर्नल परत मिळतं. पहिल्या विभागात तिला घाला, मग कॉलेजचं नाव काहीही असो.

बाकी चौकशी पटकन होते. किती शिक्षक कायम आहेत आणि किती तासिका तत्त्वावर? तासिकेवरचे शिक्षक वाईट शिकवतात असं नाही, कित्येकदा तेच जीव तोडून शिकवतात. पण जूनमध्ये असलेला माणूस जानेवारीत तिथे असेलच असं नसतं. गेल्या काही वर्षांत कुणी जॅम देऊन कुठे गेलं का, हे विभागात विचारा. नावं चटकन सांगता आली तर तिथे मुलांकडे लक्ष असतं. आणि एक गोष्ट मी पाटीवर लिहून द्यावी इतकी महत्त्वाची आहे: नव्या शैक्षणिक धोरणात मेजर म्हणजे मुख्य विषय फिजिक्स घेतलं तर मायनरला, म्हणजे जोडविषयाला, गणितच. ‘सोपं जातं’ म्हणून दुसरं काही घ्यायचा सल्ला मैत्रिणी देतील, प्रवेशाच्या खिडकीवरचा बाबूही देईल. गणित सुटलं की जॅम सुटलं, आणि जॅम सुटलं की मग तुमची भीती खरी ठरते.

कॉलेज मधलंच असलं तरी बाहेरून बरंच मिळवता येतं. मुंबईच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राचा ‘नियस’ हा कार्यक्रम पदवीच्या मुलांसाठीच आहे. तिन्ही विज्ञान अकादम्यांची उन्हाळी फेलोशिप असते. निवड झाली तर सुटीत एखाद्या शास्त्रज्ञाच्या हाताखाली काम करता येतं. यांचे अर्ज नागपुरातून फार थोडी मुलं भरतात, कारण कॉलेजात कुणी सांगतच नाही. बोर्डात वरच्या एक टक्क्यात आली आणि मूलभूत विज्ञानाला गेली तर केंद्राच्या इन्स्पायर शिष्यवृत्तीचाही विचार करा, वर्षाला 80 हजारांची आहे, आणि साध्या बीएस्सीलाही चालते. बारावीचा निकाल लागला की त्या वर्षीची सूचना बघून घ्या.

एक वर्ष ड्रॉप घेऊन पुन्हा आयएटी? मी नको म्हणेन. दोन वर्षं क्लासला गेलेली मुलगी तिसऱ्या वर्षी त्याच बाकावर बसवू नका. बीएस्सीला प्रवेश घ्या. पहिल्या वर्षाला असताना तिला वाटलं तर आयएटी आणि नेस्ट पुन्हा देता येतात, आदल्या वर्षी बारावी झालेल्यांना दोन्हीकडे मुभा असते. लागलं तर जाईल, नाही लागलं तरी वर्ष हातातून गेलेलं नसेल.

आता मेहुण्यांचा मुद्दा. तो अगदीच टाकाऊ नाही. बीटेक झालेली मुलं पुढे फिजिक्सच्या पीएचडीला जातात. मुंबईची टीआयएफआर, पुण्याची आयुका या संशोधन संस्था त्यांनाही परीक्षेला बसू देतात. पण त्या परीक्षेत क्वांटम मेकॅनिक्स, विद्युतचुंबकशास्त्र, सांख्यिकी भौतिकी विचारतात, आणि कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या चार वर्षांत यातलं जवळजवळ काहीच शिकवत नाहीत. ते सगळं तिने रात्री जागून, एकटीने, असाइनमेंट आणि प्लेसमेंट सांभाळून करायचं. हजारात एखादी करते. छंद म्हणून फिजिक्सचे व्हिडिओ बघता येतात. फिजिक्स येण्यासाठी कुणीतरी रोज पाटीवर उभं राहून शिकवावं लागतं आणि आपली चूक दाखवावी लागते.

छंदाच्या बाजूने बोलणारे लोक हमखास सी. व्ही. रामन यांचं उदाहरण देतात, आणि ते तर आपल्या नागपूरशीच जोडलेलं आहे. रामन 1910 मध्ये इथे बदलून आले होते, सरकारच्या हिशेब खात्यात अधिकारी म्हणून. कोलकात्याला असताना दिवसा कचेरी आणि उरलेल्या वेळात प्रयोगशाळा, असंच त्यांनी काढलं. पण दोन गोष्टी कुणी सांगत नाही. एक, नोकरीत शिरण्याआधी ते मद्रासच्या प्रेसिडेन्सी कॉलेजातून फिजिक्समध्ये रीतसर एमए झाले होते; आधी शिक्षण, मग छंद. दोन, 1917 मध्ये कोलकाता विद्यापीठाची पालित प्राध्यापकी मिळाली तेव्हा त्यांनी ती सरकारी नोकरी जवळजवळ निम्म्या पगारावर सोडली. रामन परिणाम त्यानंतरचा, 1928 चा. मेहुणे पुढच्या वेळी आले की त्यांना हे जरूर सांगा. आपल्याकडे रामन विज्ञान केंद्रात पाहुण्यांना नेतात, तेव्हाच सांगितलंत तर आणखी बरं.

‘सीईटीतून मिळेल तिथे कॉम्प्युटर’ याला तुम्ही सुरक्षित मार्ग समजता. मुलींच्या फीमाफीचा 2024 चा निर्णय ठरावीक प्रवर्गांसाठी आणि आठ लाखांपर्यंतच्या उत्पन्नासाठी आहे. तुमच्या नोकरीच्या पगारात तो बसतो का, हे आधी तपासा. बसला तरी फी माफ होते, चार वर्षं माफ होत नाहीत. नको असलेल्या विषयात दुसऱ्या वर्षापासून बॅक साचवत गेलेली हुशार मुलं मी बरीच पाहिली आहेत. दहावीला त्यांचेही नव्वदच्या वर होते.

आता तुमचा तिसरा प्रश्न, ती करणार काय. नुसत्या बीएस्सीवर थांबली तर तुमची काळजी रास्त आहे. फिजिक्सच्या बीएस्सीला बाजारात फारसं कुणी विचारत नाही. म्हणून हा रस्ता धरायचा तर एमएस्सीपर्यंतचा धरायचा, म्हणजे पाच वर्षांचा. बीटेकपेक्षा एकच वर्ष जास्त. त्यापुढे फाटे फुटतात. संशोधनाला गेली तर नेट-जेआरएफसारख्या परीक्षेतून महिना 37 हजारांची फेलोशिप मिळते. त्या दिवसापासून ती तुमच्यावर अवलंबून नसेल. भाभा अणुसंशोधन केंद्राचं प्रशिक्षण विद्यालय फिजिक्सवाल्यांना घेतं. हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ गुरुत्वीय लहरी टिपणारी लायगो-इंडियाची वेधशाळा उभी राहते आहे. 2023 मध्ये केंद्राने तिला 2600 कोटींची मंजुरी दिली. तुमची मुलगी एमएस्सी-पीएचडी करून बाहेर पडेल तेव्हा वऱ्हाड ओलांडलं की लगेच अशी जागा असेल.

आणि एक काम असं, जे घरात कुणाला माहीत नसतं. आपल्या तुकडोजी कॅन्सर हॉस्पिटलसारख्या ठिकाणी रुग्णाला किरणोपचार देतात, तेव्हा किती मात्रा, कुठल्या कोनातून, शेजारच्या निरोगी भागाला किती लागेल, याचं गणित मांडून यंत्र तपासणारा माणूस डॉक्टर नसतो. तो मेडिकल फिजिसिस्ट असतो. फिजिक्सची एमएस्सी आणि त्यावर रेडिओलॉजिकल फिजिक्सचा एक वर्षाचा डिप्लोमा, ही त्याची वाट. जागा मोजक्याच, पण काम ठोस आणि इथल्या इथे.

प्राध्यापकीच्या भरवशावर मात्र हा मार्ग धरू नका. कॉलेजांतल्या कायम जागा किती वर्षं भरल्या जात नाहीत ते आपण बघतोच आहोत. आणि समजा चार वर्षांनी तिचं मन बदललं, जॅम जमली नाही, तर? तिचं कॉम्प्युटर बारावीपर्यंत झालेलं आहे, बीएस्सीला गणित असेल. सीईटी देऊन एमसीए करता येतं. मेहुण्यांचा आयटी तेव्हाही जागेवरच असेल.

एवढं सगळं मी तिच्या बाजूने लिहिलं खरं, पण एक शंका तिच्याबद्दलही आहे. जेईईत मार खाल्लेल्या मुलांना अचानक फिजिक्स आवडू लागतं, त्यातल्या काहींना खरं तर इंजिनिअरिंगपासून सुटका हवी असते. कृष्णविवरांचे व्हिडिओ सगळ्यांनाच आवडतात; दुरून डोंगर साजरे. तिची ओढ कुठली आहे हे पर्सेंटाइल सांगणार नाही. एक सोपी गोष्ट करून बघा, आणि परीक्षा म्हणून नको, तुम्हीही तिच्याबरोबर बसा. एक मीटर दोरी घ्या, खाली मोठा नटबोल्ट बांधा, दाराच्या चौकटीला टांगा. वीस झोके मोबाइलवर मोजा. चाळीस सेकंदांच्या आसपास लागतील. त्यावरून तिला गुरुत्व त्वरण काढू दे. पुस्तकात 9.8 असतं, तुमचं बहुधा 9.5 किंवा 9.6 येईल. तिथे तिच्याकडे लक्ष द्या. ‘जवळपास आलं, झालं’ म्हणून उठली तर तिच्याशी पुन्हा एकदा मोकळेपणी बोलायला हवं. ‘तीन दशांश कुठे गेले?’ म्हणून पुन्हा दोरी मोजायला लागली, दोरी गाठीपर्यंत मोजली पण बोल्टचा मध्य त्याच्याही दोन-तीन सेंटिमीटर खाली आहे हे तिचं तिला सापडलं, आणि चेहरा उजळला, तर मला तरी आणखी पुरावा नको.

तुम्ही लिहिता, मला फिजिक्समधलं काही कळत नाही. वीज कंपनीतला माणूस असं म्हणतो तेव्हा मला हसू येतं. मीटर किती टक्के चुकला तर चालतो आणि कधी बदलावा लागतो, हे तुमच्या खात्याइतकं कुणाला ठाऊक? ती दोरीपाशी जे करेल ते त्याच जातीचं काम आहे.

अट घालायचीच असेल तर ती निकालाची नको, कष्टाची घाला. आयएटी आणि नेस्ट दोन्ही मनापासून देणार. एनसीईआरटीच्या जीवशास्त्राचे पेशी आणि आनुवंशिकतेसारखे दोन-तीन धडे वाचून आयएटीत खात्रीचे तेवढेच प्रश्न सोडवणार, बाकीच्यांना हात लावणार नाही. नागपुरात राहिली तर गणित सोडणार नाही, दर उन्हाळ्यात बाहेरच्या एका कार्यक्रमाला अर्ज करणार, तिसऱ्या वर्षी जॅम देणार. आणि दुसरं वर्ष संपलं की तुम्ही तिघं बसून पुन्हा बोलणार. सीईटीचा अर्ज भरलेला असेल तर तीही देऊ द्या, पण तिला टांगती तलवार करू नका.

कागदांचं मात्र आत्तापासून बघा, इथे आपली मुलं हकनाक अडकतात. आयसर, नायसर या केंद्राच्या संस्था. तुम्ही ओबीसी असाल तर राज्याचं जातीचं प्रमाणपत्र आणि नॉन-क्रिमिलेअर तिथे चालत नाही, केंद्राच्या नमुन्यातलं लागतं. आर्थिक दुर्बल घटकाचंही तसंच. बहुतेक ठिकाणी ते त्या वर्षीच्या 1 एप्रिलनंतरचं मागतात, म्हणजे मागच्या वर्षी काढून ठेवलेलं उपयोगाचं नाही. अर्ज साधारण मार्चपासून सुटतात, परीक्षा मे-जूनमध्ये. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यातच सेतूत अर्ज टाका. उन्हं वाढली आणि निकाल लागले की तिथली गर्दी आवरत नाही. अर्जातलं नाव दहावीच्या गुणपत्रिकेवर आहे तसंच हवं, वडिलांचं नाव आधी की आडनाव आधी यावरूनही खोळंबा होतो.

आणि अट मागे घेतली हे तिला तुम्हीच सांगा, आईकरवी किंवा मेहुण्यांकरवी नको. सेतूच्या रांगेत तिलाही न्या. तिथे नंबर लागेपर्यंत बोलायला भरपूर वेळ मिळतो.